कागदावरची संस्था आणि प्रत्यक्षातली संस्था : महाराष्ट्रात छोटी सेवाभावी संस्था चालवू पाहणाऱ्यांसाठी

छोट्या सेवाभावी संस्थेची फाईल वकिलाकडे किंवा सनदी लेखापालाकडे येते तेव्हा तीत बहुधा अपहाराची गोष्ट नसते. आढळते ते असे, की नोंदणीच्या उताऱ्यावर ज्या ७ जणांची नावे आहेत त्यांतील दोघे वारले आहेत, एकाने नऊ वर्षांपूर्वी तोंडी राजीनामा दिला आहे, बँकेत सही करणारे सचिव आता संस्थेत नाहीत आणि रोजचे काम ज्या चौघांच्या खांद्यावर आहे त्यांची नावे एकाही सरकारी कागदावर नाहीत. काम उत्तम चाललेले असते. मुले शिकत असतात, रुग्णांना औषधे मिळत असतात. मात्र कागदावरची संस्था आणि प्रत्यक्षातली संस्था या दोन वेगळ्या संस्था होऊन बसलेल्या असतात आणि हे अंतर जागा घेताना, मोठी देणगी येताना किंवा विश्वस्तांमध्ये वाद झाल्यावर एकदम उघडे पडते. हे अंतर पडू नये म्हणून नवख्या मंडळींनी कोणत्या क्रमाने काय करावे, ते पुढे मांडले आहे. वकिलाच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही. वकिलाकडे जाताना कोणते प्रश्न घेऊन जावेत, हे मात्र त्यातून कळावे.

पायरी १ : संस्था खरोखर हवी आहे का, हे ठरवा

नोंदणी केली की दरवर्षी हिशेब, लेखापरीक्षण, विवरणपत्रे, सभा आणि इतिवृत्ते (सभांच्या लेखी नोंदी) यांचे चक्र सुरू होते आणि वर्षभरात एकही रुपया जमला नाही तरी ते थांबत नाही. म्हणून एखादे शिबिर, एका मोसमापुरते मदतकार्य किंवा दहा-वीस विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती एवढाच विचार असेल, तर आधीपासून नोंदणी असलेल्या आणि त्याच क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेचा उपक्रम म्हणून ते करणे शहाणपणाचे ठरते. अशा वेळी दोन्ही बाजूंनी लेखी करार करावा आणि पैशाचा हिशेब त्या संस्थेच्या पुस्तकात स्वतंत्र खात्यावर ठेवावा. लोकांकडून पैसे गोळा करून ते स्वतःच्या बचत खात्यात ठेवण्याचा मार्ग मात्र कितीही सोयीचा वाटला तरी टाळावा. ती रक्कम उद्या आपलेच उत्पन्न मानली गेली, तर आपले म्हणणे सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही.

पायरी २ : नोंदणीचा प्रकार निवडा

महाराष्ट्रात साधारणपणे तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला, विश्वस्तपत्र करून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास (ट्रस्ट) नोंदवणे. दुसरा, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान ७ सभासदांची संस्था नोंदवणे. तिसरा, कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली नफा न वाटणारी कंपनी काढणे.

दुसऱ्या मार्गाबाबत नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. १८६० च्या कायद्याखाली नोंदणी झाली, प्रमाणपत्र हाती आले, आता काम संपले, असे त्यांना वाटते. पण धर्मादाय हेतूने स्थापन झालेली संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासही मानली जाते, त्यामुळे १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिची दुसरी नोंदणी करावी लागते. न्यास निर्माण झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत कलम १८ नुसार हा अर्ज करायचा असतो. म्हणजे एकाच संस्थेला दोन नोंदणी क्रमांक मिळतात आणि लेटरहेडवर, पावतीवर, करारावर दोन्ही छापलेले असावेत. याचा आणखी एक परिणाम असा, की संस्थेच्या नियामक मंडळाचे सदस्य या कायद्याच्या व्याख्येत विश्वस्तांच्या रांगेत येतात. “मी फक्त कार्यकारिणीवर आहे, विश्वस्त नाही” हा बचाव तेथे टिकत नाही, हे सदस्यत्व स्वीकारणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगावे.

माझे मत विचाराल तर, लोकांच्या सहभागावर चालणाऱ्या कामासाठी १८६० च्या कायद्याखालची संस्था अधिक योग्य आहे, कारण तिच्यात सर्वसाधारण सभेचा अंकुश असतो. एखाद्या कुटुंबाने किंवा मोजक्या व्यक्तींनी स्वतःचा निधी देऊन सुरू केलेल्या कामाला न्यास सोयीचा. कलम ८ ची कंपनी शिस्तशीर असते, पण कंपनी निबंधकाकडची वार्षिक पूर्तता आणि तिचा खर्च अगदी लहान कामाला जड जातो.

पायरी ३ : घटना स्वतः बसून लिहा

संस्थेची घटना, म्हणजे तिचे उद्देश आणि नियमावली यांचा मूळ दस्तऐवज, दुसऱ्या संस्थेकडून घेऊन नाव बदलून दाखल करण्याची पद्धत सर्रास आहे आणि पुढच्या अनेक तंट्यांचे मूळ तिच्यात सापडते. उद्देशांच्या यादीत शेतीपासून अंतराळापर्यंत सर्व काही लिहून ठेवले म्हणजे पुढे अडचण येणार नाही, असा समज असतो. पण उद्देश जितके पसरट, तितके आयकर खात्याचे आणि देणगीदाराचे प्रश्न जास्त. चार-पाच उद्देश स्पष्ट लिहावेत आणि ते आपण खरोखर करणार असलेल्या कामाशी जुळतील असे पाहावे.

नियमावलीत पुढील बाबी नि:संदिग्ध असाव्यात : सभासद कोण होऊ शकतो व त्याचे सभासदत्व केव्हा संपते, मंडळाची मुदत किती, सभेची सूचना किती दिवस आधी आणि कोणत्या मार्गाने द्यायची, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान उपस्थिती) किती, गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा केव्हा भरेल, मध्येच जागा रिकामी झाली तर ती कशी भरायची, सलग किती सभांना गैरहजर राहिल्यास पद रिक्त मानायचे, आणि बँक खात्यावर कोण सह्या करणार. सूचना ई-मेलने किंवा व्हॉट्सअॅपवरून देता येईल अशी तरतूद हवी असेल तर ती घटनेतच लिहावी. घटनेत टपालाने सूचना देण्याचे लिहिले असताना सूचना गटावरच्या संदेशातून दिली, एवढ्या एका मुद्द्यावर निवडणुकीला आव्हान दिले जाऊ शकते.

उद्देश नंतर बदलणे सोपे नाही. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ नुसार त्यासाठी विशेष सभा घ्यावी लागते, तीत तीन-पंचमांश मते मिळावी लागतात आणि एका महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तितक्याच बहुमताने ठराव कायम करावा लागतो. उद्देश बदलल्यावर आयकर खात्याकडील नोंदणीही ३० दिवसांच्या आत नव्याने तपासून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. हा दुसरा अर्ज बहुतेक संस्था विसरतात.

पायरी ४ : संस्थेची ओळख माणसाच्या खिशातून बाहेर काढा

पॅन, करकपातीसाठी लागणारा टॅन, बँक खाते आणि नीती आयोगाच्या, सेवाभावी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणी ही कामे नोंदणीपाठोपाठ करून घ्यावीत. ती अवघड नाहीत. अवघड आहे ते त्यांच्याशी जोडलेल्या मोबाईल क्रमांकाचे. आयकर पोर्टल, दर्पण, धर्मादाय आयुक्त कार्यालयाची ऑनलाईन प्रणाली, बँक, देणगी स्वीकारणारे संकेतस्थळ, सगळीकडे ओटीपी लागतो आणि सुरुवातीला जो उत्साही सचिव असतो त्याचाच क्रमांक सर्वत्र नोंदवला जातो. तो परगावी गेला, रागावून बाहेर पडला किंवा दगावला की संस्था आपल्याच खात्यांच्या दाराबाहेर उभी राहते. क्रमांक आणि ई-मेल लेखापालाच्या कार्यालयाचा असला, तर लेखापाल बदलताना हाच प्रसंग येतो.

म्हणून संस्थेच्या कामापुरते वेगळे सिमकार्ड आणि वेगळा ई-मेल पत्ता पहिल्याच महिन्यात घ्यावा. सर्व प्रवेशनावे आणि पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे बंद पाकिटात ठेवावेत आणि पदाधिकारी बदलले की ते बदलावेत. बँक खात्यावर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या ही व्यवस्था छोट्या संस्थेला सर्वांत सोयीची पडते. ते तिघे एकाच घरातले नसावेत. कोऱ्या धनादेशांवर आधीच सह्या करून ठेवण्याची सवय विश्वासाची खूण म्हणून मिरवली जाते. प्रत्यक्षात दुसऱ्या सहीचा हेतूच त्यामुळे नाहीसा होतो.

पायरी ५ : सभा, इतिवृत्त आणि बदल अर्ज

या पायरीवर जास्त वेळ थांबणे भाग आहे, कारण सुरुवातीला सांगितलेले अंतर नेमके येथेच पडते.

सभेचे कागद चार असतात : सूचना आणि विषयपत्रिका, ती सर्वांना मिळाल्याचा पुरावा, उपस्थितांच्या सह्या आणि इतिवृत्त. इतिवृत्त म्हणजे भाषणांचा वृत्तांत नव्हे. त्यात ठराव क्रमांक, ठरावाचे नेमके शब्द, सूचक आणि अनुमोदक यांची नावे, विरोध असल्यास विरोध करणाऱ्याचे नाव आणि पैशाचा विषय असल्यास रक्कम असली म्हणजे पुरे. “खेळीमेळीच्या वातावरणात सर्व विषय मंजूर झाले” या वाक्याने काहीही मंजूर होत नाही. इतिवृत्त सभेनंतर आठवडाभरात लिहून पुढच्या सभेत कायम करून घ्यावे. वर्षअखेरीस लेखापरीक्षकाने मागितले म्हणून एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेली बारा महिन्यांची इतिवृत्ते कोणाच्याही नजरेला लगेच कळतात. सभा नियमित झाल्या का, इतिवृत्त पुस्तक ठेवले आहे का, विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे का, एखादा विश्वस्त संस्थेचा ऋणको (संस्थेला देणे लागणारा) किंवा धनको (संस्थेकडून येणे असणारा) आहे का, हे प्रश्न १९५० च्या कायद्याखालील नियमांनुसार लेखापरीक्षकाच्या अहवालातच असतात. त्यामुळे ही कामे हिशेबापेक्षा वेगळी आहेत असे समजू नये.

नोंदणीच्या वेळी विश्वस्तांची नावे, पत्ता, मालमत्ता, पदे भरण्याची पद्धत यांची नोंद धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत होते आणि तिचा उतारा परिशिष्ट एक म्हणून मिळतो. या नोंदीत काहीही बदल झाला की तो घडल्यापासून ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली बदल अर्ज दाखल करावा लागतो. नवीन मंडळ निवडून आले, एखाद्या विश्वस्ताचे निधन झाले, कोणी राजीनामा दिला, कार्यालयाचा पत्ता बदलला, जागा खरेदी केली, बक्षीसपत्राने जमीन मिळाली, हे सर्व त्यात येते. आतल्या आत पदांची अदलाबदल झाली तरी वकिलाला विचारून नोंद करून घेणे बरे.

अर्जासोबत काय लागते ते आधी माहीत असले, तर सभेच्या दिवशीच गोळा करता येते. निवडणुकीच्या बदलासाठी सूचना, पोच, उपस्थितीपत्रक, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे. राजीनाम्यासाठी त्या व्यक्तीच्या सहीचे पत्र आणि ते स्वीकारल्याचा ठराव. निधनासाठी मृत्यूचा दाखला. राजीनामा तोंडी दिला आणि सर्वांनी समजून घेतला, हा प्रकार पुढे फार त्रास देतो. दहा वर्षांनी त्या व्यक्तीला शोधून सही मागायला जावे लागते आणि तोवर संबंध तितके गोड राहिलेले असतीलच असे नाही.

मुदत चुकली तर योग्य कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो आणि त्यासाठी खर्च भरण्याचा आदेश होऊ शकतो. मात्र जुने बदल अर्ज प्रलंबित असताना त्यांच्यावर नवे चढत गेले की गुंता वाढतो, कारण पहिल्या निवडणुकीची वैधता ठरल्याशिवाय त्या मंडळाने बोलावलेल्या सभेत झालेल्या दुसऱ्या निवडणुकीविषयी प्रश्न उभा राहतो. जुनी संस्था ताब्यात घेणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच सर्वांत आधी परिशिष्ट एकचा अद्ययावत उतारा काढावा, त्यावरील नावे आणि आजचे मंडळ समोरासमोर ठेवावे आणि मधली साखळी कोठे तुटली आहे ते शोधावे. उपक्रमांचे नियोजन त्यानंतर करावे.

पायरी ६ : हिशेब

हिशेबाचे वर्ष सामान्यतः ३१ मार्चला संपते आणि लेखापरीक्षण करून अहवाल, ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक ६ महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, धर्मादाय कार्यालयाकडे जायला हवे. त्यासाठी लेखापालाकडे कागद जून अखेरीस पोहोचावेत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पिशवीभर पावत्या नेऊन देणाऱ्या संस्थेच्या हिशेबाकडे लक्ष देण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.

रोजच्या कामात किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेनिहाय वही), क्रमांक छापलेली पावती पुस्तके, प्रत्येक खर्चाचे व्हाउचर आणि जडवस्तू (टिकाऊ सामान) नोंदवही एवढे नीट ठेवले तरी बराच पल्ला गाठला जातो. पावती पुस्तके छापली किती, वाटली कोणाला, परत आली किती, याची स्वतंत्र नोंद असावी. रद्द झालेली पावती फाडून टाकू नये, पुस्तकातच ठेवावी. देणगी एखाद्या विशिष्ट कामासाठी आली असेल तर ती त्याच कामावर खर्च झाली हे दाखवता यावे म्हणून वेगळे खाते उघडावे. वाचनालयासाठी आलेल्या पैशातून कर्मचाऱ्यांचा थकलेला पगार भागवणे, मग ते कितीही तात्पुरते असो, देणगीदाराशी केलेल्या कराराचा भंग ठरतो. छोट्या संस्थांवर ही वेळ येते ती बहुधा अनुदान उशिरा आल्यामुळे. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांचा नित्य खर्च भागेल इतका अनिर्बंध, म्हणजे विशिष्ट कामाशी न बांधलेला, निधी हळूहळू साठवणे, हे व्यवस्थापनाचे पहिले उद्दिष्ट असायला हवे.

कर्ज काढून वेळ मारून नेण्याचा विचार मनात आला तर थांबावे. १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ अ नुसार विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घ्यायचे असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अध्यक्षांनी खिशातून घातलेले आणि नंतर परत घ्यायचे ठरलेले दोन लाख रुपयेही हिशेबात संस्थेने विश्वस्ताला देणे असलेली रक्कम म्हणूनच दिसतात.

पायरी ७ : आयकर

धर्मादाय कार्यालयातील नोंदणीमुळे आयकर माफ होत नाही. त्यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते आणि देणगीदाराला वजावट मिळावी यासाठी आणखी एक मान्यता लागते. संस्थांच्या बोलण्यात या दोन गोष्टी “१२ ए” आणि “८० जी” म्हणून ओळखल्या जातात. ही नावे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला असून कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत; आराखडा बहुतांशी तोच आहे. अर्ज भरताना जुन्या मार्गदर्शिकेतील क्रमांक न वापरता पोर्टलवरील चालू नमुना पाहावा.

नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. कायम स्वरूपाच्या नोंदणीसाठीचा अर्ज तात्पुरती मुदत संपण्याच्या किमान ६ महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. “३ वर्षे मिळाली आहेत, नंतर पाहू” असे म्हणणाऱ्या संस्था येथेच फसतात. कायम म्हटली जाणारी नोंदणीही ५ किंवा, लहान संस्थांच्या बाबतीत, १० वर्षांची असते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

सवलतीची मुख्य अट अशी, की वर्षाच्या उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च व्हावी. ते शक्य नसेल तर विशिष्ट कारण सांगून, मंडळाचा ठराव करून आणि ठरलेल्या मुदतीत विहित नमुना भरून ती रक्कम ५ वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. कायम निधी (मूळ रक्कम खर्च न करता राखायचा निधी) म्हणून आलेली देणगी या हिशेबातून बाहेर ठेवायची असेल तर देणगीदाराचे तसे लेखी पत्र हवे आणि ती रक्कम कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच गुंतवलेली हवी. देणगीदाराने काहीच लिहिलेले नसताना संस्थेने आपल्या मनाने देणगी कायम निधीत टाकणे चालत नाही.

आणखी काही आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली तर तो खर्च ८५ टक्क्यांच्या हिशेबात धरला जात नाही. वजावटीस पात्र देणग्यांचे विवरण पुढील ३१ मेपर्यंत भरावे लागते, त्यावरूनच देणगीदाराचे प्रमाणपत्र तयार होते आणि उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क लागते. याचा सरळ अर्थ असा, की देणगी घेतानाच देणगीदाराचा पॅन आणि पत्ता घ्यायला हवा; मे महिन्यात दीडशे लोकांना फोन करत बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. लेखापरीक्षण लागू असलेल्या संस्थेचा आयकरासाठीचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत आणि विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असते.

विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक यांना पगार, भाडे किंवा कंत्राट देणे सरसकट निषिद्ध नाही. पण मोबदला बाजारभावापेक्षा जास्त असता कामा नये, घटनेत त्याला आडकाठी नसावी, संबंधित विश्वस्ताने त्या ठरावाच्या वेळी बाहेर बसावे आणि दोन-तीन दरपत्रके फाईलला असावीत. छोट्या गावात छपाईचे काम घेणारा एकमेव माणूस अध्यक्षांचा पुतण्या असू शकतो. तसे असेल तर ते लपवण्याऐवजी इतिवृत्तात लिहावे.

पायरी ८ : माणसे

“मानधन” या शब्दाने सेवाभावी क्षेत्रात बराच गोंधळ घातला आहे. रोज ठरलेल्या वेळी येणाऱ्या, ठरलेले काम करणाऱ्या आणि दरमहा ठरलेली रक्कम घेणाऱ्या व्यक्तीच्या रकमेला मानधन म्हटल्याने ती कर्मचारी असायची थांबत नाही. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावे, हजेरी ठेवावी, पगार बँकेतून द्यावा आणि व्यवसाय कराची नोंदणी करावी. कर्मचाऱ्यांची संख्या १० झाली की कर्मचारी राज्य विमा योजना आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांचे, आणि २० झाली की भविष्य निर्वाह निधीचे बंधन लागू होते का, हे तपासावे. संस्था नफा मिळवत नाही, या कारणाने यातून आपोआप सूट मिळत नाही.

१० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समिती नेमावी लागते. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला कर्मचारी आणि एक बाहेरची सदस्य व्यक्ती अशी तिची रचना असते. त्याहून लहान संस्थेतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते आणि तिचा पत्ता कार्यालयात लावलेला असावा. मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थेने मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा सर्व कार्यकर्त्यांना, स्वयंसेवकांनाही, समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाच त्या कायद्यात गुन्हा आहे. संस्थेचे नाव जाईल म्हणून आपसात मिटवण्याचा सल्ला देणारा विश्वस्त संस्थेला आणि स्वतःला दोघांनाही गोत्यात आणतो. मुलांसाठी वसतिगृहवजा निवासी सोय सुरू करण्याचा विचार असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी लागेल का, हे पहिले मूल दाखल करण्यापूर्वी विचारावे.

पायरी ९ : परदेशातून आणि कंपन्यांकडून येणारा पैसा

परदेशी अंशदान नियमन अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी स्रोताकडून एक रुपयाही स्वीकारता येत नाही. येथे पासपोर्ट महत्त्वाचा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान मानली जात नाही. पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला आपलाच शाळूसोबती भारतात येऊन रुपयांत देणगी देत असला तरी ते परदेशी अंशदान होते. संकेतस्थळावर देणगीचे बटण ठेवताना नागरिकत्वाविषयी स्पष्ट प्रश्न विचारणे त्यामुळे आवश्यक ठरते. नोंदणीसाठी किमान ३ वर्षांचे काम आणि त्या काळात उद्देशांवर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो, म्हणून पहिली काही वर्षे हा मार्ग बंदच आहे असे समजून नियोजन करावे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नमुना भरून क्रमांक घ्यावा लागतो आणि तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभव लागतो. करारावर सही करण्यापूर्वी रक्कम किती हप्त्यांत येणार, व्यवस्थापनाचा खर्च किती धरू देणार आणि अहवाल किती वेळा मागणार, हे पाहावे. दोन कर्मचाऱ्यांच्या संस्थेने मासिक अहवाल मान्य केले तर काम करायला कोणी उरत नाही.

पायरी १० : जागा

संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे यासाठी १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जमीन व इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतानाही ती लागते. जागा घेताना खरेदीखत किंवा बक्षीसपत्र संस्थेच्या नोंदणीकृत नावाने व्हावे. अध्यक्षांच्या नावावर घेतलेला भूखंड, पैसे संस्थेचे असले तरी, त्यांच्या पश्चात संस्थेला वारसांच्या दारात उभे करतो. खरेदीनंतर बदल अर्ज आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरची नोंद ही दोन्ही कामे लगेच हाती घ्यावीत.

पायरी ११ : सूत्रे देताना आणि संस्था बंद करताना

जुने मंडळ जाताना नव्या मंडळाला वस्तूंची आणि कागदांची यादी करून द्यावी आणि तिच्यावर दोघांनी सह्या कराव्यात. यादीत मूळ नोंदणी प्रमाणपत्रे, घटनेची साक्षांकित प्रत, परिशिष्ट एकचा उतारा, सर्व बदल अर्जांच्या पोचपावत्या आणि त्यांवरील आदेश, इतिवृत्त पुस्तके, १० वर्षांचे हिशेब, आयकराचे आदेश, चालू करार, मुदतठेवींच्या पावत्या, शिक्के, सिमकार्ड आणि पासवर्ड एवढे तरी असावे. जाणाऱ्या सचिवाने स्वतःसाठी या यादीची एक प्रत ठेवावी. पाच वर्षांनी नोटीस आली तर तिचाच आधार असतो.

काम संपले किंवा माणसे उरली नाहीत तर संस्था तशीच पडू देऊ नये. १८६० च्या कायद्यानुसार विसर्जनासाठी सभासदांच्या तीन-पंचमांश मतांचा ठराव लागतो आणि देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. समान उद्देशाची अशी संस्था आधी शोधून तिची संमती घ्यावी, अखेरच्या दिवसापर्यंतचे हिशेब तपासून घ्यावेत, आयकराचे शेवटचे विवरणपत्र भरावे, बँक खाते बंद केल्याचा दाखला घ्यावा आणि या सर्वांच्या प्रती जोडून धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा. त्या अर्जावर आदेश होऊन नोंदवहीत नोंद पडेपर्यंत हिशेब देण्याची जबाबदारी शेवटच्या मंडळावरच असते.